वाघ आधी कुणाला दिसायचा?

शिकारकथेतला वाघ साहेबाला दिसतो. मचाण, खाली बांधलेलं रेडकू, मावळतीचा उजेड, झुडपातून बाहेर येणारं पिवळंजर्द जनावर आणि मग बार. प्रत्यक्षात त्या वाघाची गाठ त्याआधीच कुणाशी तरी पडलेली असायची. साहेब तंबूत चहा घेत असताना, उजाडता उजाडता, जवळच्या गावातला एक माणूस रेडकू बघायला नाल्यात उतरलेला असायचा. आदल्या संध्याकाळी चार-पाच ठिकाणी रेडकं बांधलेली असत. कुठलं जिवंत आहे, कुठलं मारलंय, मारलं असेल तर ओढत कुठल्या अंगाला नेलंय, हे पाहून परत येणं एवढंच त्याचं काम. हातात फार तर कुऱ्हाड. वाघ शिकारीवरून उठून गेलेला असला तर ठीक, नाहीतर पळसाच्या झुडपामागे दोघांची समोरासमोर भेट. साहेबाच्या पुस्तकात या माणसाचा उल्लेख एका वाक्यात येतो: सकाळी खबर आली.

ही खबर आणणाऱ्यांच्या धंद्याला मोठा इतिहास आहे. बंदुका गेल्या, कॅमेरे आले, राजे-साहेब जाऊन वनखातं आणि शास्त्रज्ञ आले. पण वाघ कुठे आहे हे कळण्यासाठी कुणीतरी पुढे पायी जावं लागतं, ही गोष्ट दोनशे वर्षांत बदललेली नाही. जंगलातल्या अनपेक्षित गाठीभेटी होतात त्या बहुतेक याच माणसांच्या.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अजिंठ्यापासून सुरुवात करता येते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातला एक अधिकारी वाघुर नदीच्या दरीत वाघाच्या शिकारीला आला होता. दरीच्या कड्यावरून त्याला लेण्यांची रांग दिसली. दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, म्हणून दिवसही नेमका माहीत आहे. लेणी दाखवली ती गुरं राखणाऱ्या एका पोराने, अशी आख्यायिका तिथे सांगितली जाते. पोराचं नाव कुठल्याच खांबावर नाही. खरी असो नसो, त्या आख्यायिकेत एक गोष्ट अगदी बरोबर आहे. वाघाची दरी साहेबाला परकी होती. रोज तिथे उतरणाऱ्याला ती पाठ होती.

पुढच्या शंभर वर्षांत शिकारीची यंत्रणाच उभी राहिली. सरकार वाघ मारण्यासाठी बक्षीस देई, कारण वाघ म्हणजे शेतीचा विस्तार आणि गुरं यांना अडथळा, अशी तेव्हाची धारणा होती. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. एवढे वाघ केवळ नेमबाजीच्या जोरावर मरत नाहीत. त्यामागे गावोगावचे मागकाढे, हाकारे घालणारे, मचाण बांधणारे, रेडकं बघायला जाणारे असे हजारो लोक राबत होते. सातपुड्यात आणि मध्य प्रांतात हे काम बहुतेक गोंड आणि कोरकू माणसांकडे असे. जेम्स फोर्सिथ या वन-अधिकाऱ्याने मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर लिहिलेलं पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झालं. तो भटकला तो याच लोकांच्या आधाराने.

या लोकांची विद्या डोळ्यांची होती. धुळीतल्या ठशाला चार बोटं आहेत पण नखं उमटलेली नाहीत, म्हणजे मांजरकुळी. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. मागच्या पायाचा ठसा चौकोनी असेल तर नर, लांबट असेल तर मादी. ठशाच्या कडा धारदार आहेत की ढासळल्यात? ठशावर दवाचे थेंब आहेत की ठसा दवावर उमटलाय? एखाद्या किड्याने रात्री ठसा ओलांडून आपली बारीक रेघ ओढली आहे का? ओढली असेल तर वाघ जाऊन बराच वेळ झाला. रेघ ठशाखाली दबली असेल तर पाऊल जपून टाकायचं. त्याच्या जोडीला कान लागत. चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराचा घुमणारा आवाज, झाडावरून वानराचा खोकल्यासारखा इशारा. चितळ नुसत्या संशयानेही ओरडतं. सांबर मात्र खात्री पटल्याशिवाय सहसा ओरडत नाही, असं जंगलातली माणसं सांगतात. सांबर ओरडलं की मागकाढ्या थांबतो.

नाकाचाही उपयोग होई. वाघ झाडांवर आणि झुडपांवर मागच्या बाजूने फवारा मारून हद्द आखतो. त्या फवाऱ्याला बासमतीच्या भातासारखा वास येतो. हे जंगलातल्या लोकांना केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. रसायनशास्त्राने त्यावर शिक्का मारला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या फवाऱ्यावर वर्षानुवर्षं काम केलं. सुवासिक तांदळाला ज्या रेणूमुळे वास येतो, तोच रेणू वाघाच्या फवाऱ्यातही असल्याचं त्यातून पुढे आलं. ब्रह्मचारींना अभ्यासासाठी मिळालेल्या वाघांपैकी एक ओडिशात माणसांच्या घरात वाढलेली वाघीण होती. तिची गोष्ट पुढे येईलच.

वाघाशी गाठ पडणार हे गृहीत धरणाऱ्या समाजाने त्याचे रिवाजही बांधले. उत्तर कोकणातल्या वारल्यांचा वाघदेव, घाटावरच्या महादेव कोळ्यांचा वाघोबा, मेळघाटातल्या कोरकूंचा कुला मामा. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र आणि शेंदूर, एवढंच देवाचं रूप. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, त्याला नैवेद्य होतो. गुरं चारणारा, लाकूडफाट्याला जाणारा, मध काढणारा त्याच्यासमोरून हात जोडूनच रानात शिरतो. यात भाबडेपणा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाघ इथे राहतो आणि आपण त्याच्या वाटेवर आहोत, ही आठवण रोज सकाळी करून देणारी ही व्यवस्था आहे, आणि पायी फिरणाऱ्याला त्याच आठवणीची सर्वांत जास्त गरज असते.

साहेबांच्या बाजूने वाघाचा माग स्वतः काढणारे थोडे होते. त्यांत जिम कॉर्बेटचं नाव आधी घ्यावं लागतं. १८७५ साली नैनितालला जन्मलेला कॉर्बेट लहानपणापासून कुमाऊंच्या जंगलात वाढला होता. नरभक्षक वाघाच्या मागे तो पायीच, बहुधा एकटा जाई. त्याच्या आयुष्यातली एक अगदी जवळची भेट मात्र शिकारीच्या क्षणी झाली नाही. ती झाली वाटेवर, रेडे बांधून परतत असताना.

तारीख ११ एप्रिल १९३०. चौगडच्या वाघिणीच्या नावावर सरकारी नोंदीप्रमाणे ६४ माणसं होती. तिचा माग काढत कॉर्बेट काला आगरच्या परिसरात आला होता. दुपारनंतर रेडे ठरलेल्या जागी बांधून तो दोन माणसांबरोबर एका अरुंद नाल्यातून निघाला. वाटेत खडकावरून एक रातवा उडाला आणि मागे त्याची दोन अंडी दिसली, एक लांबट आणि एक जवळजवळ गोल. कॉर्बेटला अंडी जमवायचा नाद होता आणि रातव्याची अंडी त्याच्या संग्रहात नव्हती. डाव्या हाताची ओंजळ करून त्याने त्यात शेवाळ पसरलं आणि अंडी अलगद ठेवली. उजव्या हातात हलकी रायफल. पुढे बारा-चौदा फुटांचा उतार होता. तो घसरत उतरला. मागून उतरलेल्या सोबत्यांनी कुजबुजत सांगितलं की वाघाची गुरगुर ऐकू आली.

नाल्यात एक प्रचंड शिळा उभी होती, पाटीसारखी गुळगुळीत. तिला वळसा घालून पुढे होत कॉर्बेटने उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तर वाघिणीचं तोंड आठ फुटांवर. ती वाळूत पुढचे पाय पसरून बसली होती आणि थेट त्याच्याकडेच पाहत होती. रायफल छातीवर आडवी, नळी विरुद्ध दिशेला. ती वाघिणीकडे वळवायची तर जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवावी लागणार होती, तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात अंडी. झटक्यात हालचाल केली असती तर तिने झेप घेतली असती. म्हणून त्याने रायफल इतकी हळू फिरवली की हालचाल तिला जाणवू नये. वाघिणीने त्याच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. दस्ता खांद्याला लावणं शक्यच नव्हतं. लांबवलेला हात भरून आला होता. नळी रोखली गेली आणि त्याने चाप ओढला. वाघिणीचं डोकं पुढच्या पंजांवर अलगद टेकलं.

नंतर कॉर्बेटने हिशेब मांडला तेव्हा त्याला वाटलं की अंड्यांनीच आपल्याला वाचवलं. दोन्ही हात मोकळे असते तर तो गर्रकन वळला असता, आणि त्या वळण्यातच वाघीण अंगावर आली असती. अंडी त्याने परत खडकावर नेऊन ठेवली. अर्ध्या तासाने तिथून जाताना पाहिलं तर रातवा पुन्हा अंड्यांवर बसलेला होता. हा प्रसंग जगाला कळला, कारण तो लिहू शकणाऱ्या माणसावर गुदरला आणि १९४४ साली पुस्तकात छापून आला. नाल्यात अशाच भेटी झालेल्या, पण लिहिता न येणाऱ्या मागकाढ्यांच्या कथा त्यांच्या गावांबाहेर पडल्या नाहीत.

कॉर्बेटच्याच काळात वाघाकडे जाण्याचं कारण हळूहळू बदलू लागलं. संयुक्त प्रांतातला वन-अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन १९२०च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडे आणि फोटो निघे. त्याचं पुस्तक १९२७चं. ही तार कुठे ताणायची हे ठरवायला मात्र त्याला आधी माग पाहावा लागे. १९३०च्या दशकात पलामूच्या जंगलात जे. डब्ल्यू. निकोल्सन या अधिकाऱ्याने ठशांवरून वाघ मोजण्याचा प्रयत्न केला. ठसा आता शिकारीपर्यंत नेणारी खूण राहिला नव्हता. तो नोंद बनत चालला होता. १९६३ ते १९६५ या काळात अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर कान्हाच्या रानात राहिला. तो पायी, निःशस्त्र फिरे आणि चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखे.

ठसे मोजण्याची रीत देशभर पोचली ती ओडिशाच्या सरोजराज चौधरींमुळे. १९६६ साली त्यांनी तिची पद्धत बांधली. साधन अगदी साधं. चौकटीत बसवलेली काच, खाली चार पाय. धुळीतल्या ठशाला धक्का न लागता ती त्याच्यावर बरोबर ठेवायची, मग उकिडवं बसून डोळा सरळ ठशावर धरायचा आणि काचेवर पेनाने ठशाची बाह्यरेषा गिरवायची. डोळा जरा तिरपा झाला की रेषा चुकते. मागचा डावा पाय निवडायचा, कारण सगळ्यांनी एकच पाय गिरवला तरच तुलना करता येते. काचेवरची आकृती कागदावर उतरवून त्यावर बीट (म्हणजे एका गार्डाच्या देखरेखीखालचा जंगलाचा भाग), तारीख, मातीचा प्रकार आणि गिरवणाऱ्याचं नाव लिहायचं. ज्या दिवशी हा नियम आला, त्या दिवशी बीटगार्ड पहिल्यांदा वाघाच्या कागदावर नावानिशी आला.

चौधरी पुढे सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पाचे पहिले संचालक झाले. १९७४ साली खडिया आदिवासींना खैरी नदीच्या काठी वाघिणीचं एक पिल्लू सापडलं. ते चौधरींच्या घरी वाढलं आणि नदीचंच नाव त्याला मिळालं. ब्रह्मचारींच्या अभ्यासातली वाघीण ती हीच खैरी.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ साली चौधरींच्या पद्धतीने देशातली पहिली व्याघ्रगणना झाली आणि आकडा निघाला १,८२७. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात ४०,००० वाघ होते, असा तेव्हाचा प्रचलित अंदाज होता. तो अंदाजच होता, तरी घसरण उघड होती. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाट होतं. पुढच्या तीन दशकांत गणनेचा आठवडा ही वनखात्याची रीतच होऊन बसली. उन्हाळ्यात जंगलवाटांवर माती चाळून मऊ पट्टे केले जात. पहाटे गार्ड आणि वनमजूर आपल्या बीटातले पट्टे पाहायला निघत. ठसा मिळाला की तो विस्कटू नये म्हणून भोवती दगड मांडायचे, मग काच काढायची. जमिनीशी बसून, मान खाली घालून, पंधरा-वीस मिनिटं एकाच जागी. वाघाच्या वाटेवर याहून असुरक्षित बैठक दुसरी नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक जोड मिळाली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राणी मोजण्याचा रिवाज पडला. वनखात्याबरोबर शहरांतले निसर्गप्रेमी त्यात येऊ लागले. आता खातं त्याला गणना म्हणत नाही, निसर्गानुभव म्हणतं, आणि त्यासाठी नोंदणी होते. संध्याकाळी पाहुण्यांना मचाणावर चढवून देणारा आणि सकाळी त्यांना उतरवायला येणारा गार्ड बहुधा चालतच येतो.

या माणसांकडे बंदूक नव्हती. बहुतेकांकडे आजही काठीच असते. त्यांची सुरक्षितता म्हणजे काही नियम, आणि ते शाळेत शिकवले जात नाहीत. वाघ दिसला तर पळायचं नाही, कारण पळणारं ते सावज. पाठ दाखवायची नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून, न वळता, एकेक पाऊल मागे घ्यायचं. खाली बसायचं नाही. वाकलेला माणूस चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. पिल्लांचे ठसे दिसले की ती वाट सोडायची. मारलेल्या सावजाला माश्या घोंघावताना ऐकू आल्या तर पुढे जाऊन पाहण्याचा मोह धरायचा नाही. आणि अस्वल दिसलं तर यांतला कुठलाही नियम पुरेसा नाही. विदर्भातल्या कुठल्याही जुन्या गार्डला विचारा: वाघ बहुतेक वेळा वाट देतो, अचानक समोर आलेलं अस्वल देईलच असं नाही.

पाठ न दाखवण्याच्या नियमाची सार्वजनिक चाचणी सुंदरबनात झाली. तिथला वाघ मध आणि लाकूड आणायला गेलेल्यांवर मागून झडप घालतो. १९८६च्या सुमारास लोकांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले. पहिल्या काळात मुखवटा बांधलेल्यांवरचे हल्ले थांबले. पुढे हा उपाय पहिल्यासारखा चालेनासा झाला. मुखवटे टिकले नाहीत, पण वाघाला माणसाची पाठ हवी असते हे जगभर माहीत झालं.

दरम्यान ठशांची पद्धत आतून किडत होती. कर्नाटकातले वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९८०च्या दशकात पिंजऱ्यातल्या मोजक्या वाघांचे ठसे गिरवून अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवले आणि वाघ किती ते विचारलं. खरा आकडा एकालाही सांगता आला नाही; उत्तरं कितीतरी पट फुगलेली होती. एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा, चिखलात वेगळा आणि पळताना आणखी वेगळा उमटतो. कारंतांनी नागरहोळेत १९९०च्या दशकारंभी कॅमेरा ट्रॅप लावले आणि पट्ट्यांच्या आधारे वाघ मोजायला सुरुवात केली. खात्याला मात्र काच सोडवेना. दरवर्षी वाढता आकडा वर पाठवायची सवय लागली होती.

सारिस्काने ते उघड केलं. राजस्थानातल्या या प्रकल्पात २००४ साली कागदावर सोळा-अठरा वाघ होते. २००५ साली शोध घेतला तेव्हा एकही नव्हता; चोरट्या शिकारीने सगळे संपवले होते. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं आणि ठशांवरची गणना बाद झाली. २००१-०२च्या गणनेत देशात ३,६४२ वाघ होते. नव्या पद्धतीने २००६ सालचा पहिला अंदाज निघाला १,४११.

यात सोयीस्कर दोष गार्डाच्या डोक्यावर आला. ठसे त्याने गिरवले, म्हणजे खोटा आकडा त्याचा. हे खरं नव्हतं. बीटात वाघ आहे की नाही, नर की मादी, पिल्लं आहेत की नाहीत, हे ठशावरून त्याला नीट कळत होतं आणि आजही कळतं. जे ठशांतून निघत नाही ते, म्हणजे राज्यभरातल्या वाघांची नेमकी संख्या, त्यांतून काढण्याचा हट्ट वरच्या कार्यालयांचा होता. नवी पद्धत बसवणाऱ्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच गार्डाचं चालणं रद्द केलं नाही. ते पायाशी घेतलं. दर चार वर्षांनी होणाऱ्या अंदाजाचा पहिला टप्पा आजही पायी आहे. तीन दिवस बीटात रोज किमान पाच किलोमीटर चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या: ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. मग आखलेल्या रेषेवर उजाडताच तीन सकाळी चालत चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर मोजायचे. अंतर आणि कोन यंत्राने घ्यायचा. काचेच्या जागी आता मोबाइलवरचं अ‍ॅप आलंय. कॅमेरे कुठे लावायचे ते या चालण्यातून ठरतं, आणि कॅमेरे लावायलाही माणूसच जातो.

२०१८च्या अंदाजात देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रं निघाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. कौतुक झालं ते या आकड्यांचं. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. वनकर्मचारी त्यासाठी ५,२२,९९६ किलोमीटर पायी चालले होते. २०२२च्या फेरीत हे अंतर ६,४१,४४९ किलोमीटर झालं. त्या फेरीत देशात सरासरी ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. महाराष्ट्रात २०१८ साली ३१२ वाघ होते, ते ४४४ झाले.

वाघ वाढले की भेटीही वाढणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. २०२२च्या याच फेरीसाठी २० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी ताडोबाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह खुणा नोंदवायला निघाली. कोलारा फाटकापासून चारेक किलोमीटर आत गेल्यावर वाटेवर, साधारण दोनशे मीटर पुढे, एक वाघीण बसलेली दिसली. पर्यटकांना चांगली परिचित असलेली ही वाघीण. चौघं थांबली. सुमारे अर्धा तास वाट पाहिली. वाघीण हलेना, तेव्हा त्यांनी झाडीतून वळसा घालून पुढे जायचं ठरवलं. वाघिणीने त्यांची चाहूल घेतली होती. ती मागून आली आणि वनरक्षकाला झाडीत ओढून नेलं. काही वेळाने मृतदेहच सापडला.

वर सांगितलेल्या बहुतेक नियमांप्रमाणे त्या वागल्या होत्या. पळाल्या नाहीत, जवळ गेल्या नाहीत, वाट पाहिली. ठरलेलं अंतर चालून पूर्ण करायचं होतं म्हणून वळसा घेतला. जिप्सीत बसलेल्या पर्यटकाने तीच वाघीण तेवढ्याच अंतरावरून पाहिली असती तर फोटो काढला असता. घटनेनंतर ताडोबातलं पायी सर्वेक्षण तात्पुरतं थांबवण्यात आलं, आणि फेरी देशभर पुरी होऊन आकडेही जाहीर झाले.

कॅमेरा, अ‍ॅप, उपग्रहाचे नकाशे हे सगळं आवश्यक आहे. सारिस्कासारखी फसवणूक त्यामुळे अवघड झाली. परंतु यंत्रांनी पुढे जाण्याचा धोका कुणाच्या वाट्याला यावा हे बदललेलं नाही. मध्य प्रांतातल्या रेडकं पाहणाऱ्याकडे कुऱ्हाड होती, ताडोबातल्या गार्डाकडे काठी आणि मोबाइल. वाघांची संख्या वाढवणाऱ्या खात्याने पायी चालणाऱ्यांच्या तुकड्या मोठ्या कराव्यात, वाघ दिसल्यास त्या दिवसाचं अंतर अर्धवट सोडण्याची मुभा कागदावर द्यावी, आणि त्या अर्धवट अंतराचा जाब विचारू नये. यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

पुढच्या फेरीचा अहवाल येईल तेव्हा वृत्तपत्रांत वाघांचा आकडा मोठ्या टाइपात असेल. त्याच अहवालात आत कुठेतरी पायी चाललेल्या किलोमीटरांचा आकडा सापडेल. तो आधी वाचावा.